आक्का, एवढी नथ धरा

"मास्तर, हे बंद करा. आत्ताच्या आत्ता!"

मी ओरडले खरी, पण माझं ओरडणं माझं मलाच ऐकू आलं नाही. पत्र्याच्या त्या शेडमध्ये सात-आठ माणसं एकाच वेळी फुंकत होती, बडवत होती, खुळखुळवत होती. दारात एक बाई कमरेवर हात ठेवून उभी आहे हे हळूहळू एकेकाच्या लक्षात आलं, तसं एकेक वाद्य गप्प होत गेलं. सगळ्यात शेवटी मोठा ड्रमवाला थांबला, कारण त्याची माझ्याकडे पाठ होती.

आमच्या किन्हवळातली ही गोष्ट. आता तिला पंचवीसेक वर्षं होऊन गेली. आमच्या घराच्या मागच्या दाराला लागून एक जुना तेलाचा घाणा होता. घाणा बंद पडला, शेड तेवढी उरली. त्या दिवाळीनंतर 'नवजीवन ब्रास बँड'ने ती तालमीसाठी घेतली आणि माझ्या दुपारी संपल्या.

खरं सांगायचं तर त्या वर्षी मला कसलाच आवाज सोसत नव्हता. शेजारच्या पाटणकरांच्या मिक्सरवरून मी त्यांच्याशी बोलून आले होते. पिठाच्या गिरणीचा पट्टा करकरतो म्हणून नगरपालिकेत सांगून आले होते. दत्ताच्या देवळातल्या गुरवाला मी घंटा जरा हळू वाजवा म्हटलं, तर तो म्हणाला, "वहिनी, आमचा देव म्हातारा आहे, हळू वाजवली तर उठत नाही." मी त्याच्याशीही बोलणं टाकलं. घरात आम्ही तिघं. मी, हे, आणि माझ्या सासूबाई आक्का. आमची मुलगी मुग्धा पुण्याला हॉस्टेलवर. ह्यांना तक्रार हा प्रकारच ठाऊक नव्हता. भातात खडा लागला तर तो काढून ताटाच्या कडेला ठेवायचा आणि पुढचा घास घ्यायचा, असा माणूस. त्यामुळे दोघांच्या वाटच्या तक्रारी मी एकटीच करत असे.

तर शेडमध्ये शांतता झाली. बँडचे मालक गुलाब मास्तर पुढे आले. काटकुळी अंगकाठी, मेंदीने लाल केलेले केस आणि दोरीने कानाला बांधलेला चष्मा.

"बसा की वहिनी. च्या घेणार?"

"चहा नको. दुपारची झोप नाही, की पोथी वाचायची सोय नाही. हा आवाज म्हणजे काय कमी आहे का?"

"तुमचं खरं हाय. पोरं अजून सुरात न्हाईत. पण शिकायचं म्हंजी सोपं नसतंय वो."

"त्यात अवघड असायला काय आहे? फुंकायचं तर असतं!"

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि शेडमधली सगळी माणसं माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी त्यांच्या देव्हाऱ्यावर चप्पल ठेवली होती. कोपऱ्यातला ट्रम्पेटवाला दत्तू फस्सकन हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी दत्तूच्या हातातलं ट्रम्पेट घेतलं, खांद्यावरच्या पंच्याने त्याचं तोंड स्वच्छ पुसलं आणि माझ्यापुढे धरलं.

"फुंका."

"मी?"

"ह्यातनं एक चाल काढून दावा. ज्या दिवशी काढाल त्या दिवशी आमचा बँड हितनं हलला. पार वड्यापल्याड जातो. गुलाब अवघड्याचा शब्द हाय."

मी पदर खोचला, ट्रम्पेट घेतलं आणि छाती भरून फुंकर मारली. गाल फुगले, कान तापले, डोळ्यांपुढे काजवे चमकले. ट्रम्पेटमधून मात्र नुसता वारा आला, सायकलच्या ट्यूबमधून सुटतो तसा. पुन्हा फुंकलं, पुन्हा वाराच. तिसऱ्यांदा फुंकल्यावर माझी वेणी सुटली.

"असू दे वहिनी," मास्तर मायेने म्हणाले. त्यांची ती माया मला फारच झोंबली.

घरी आले तर आक्का म्हणाल्या, "काय गं, तोंड एवढं लाल?"

"ऊन लागलं," मी म्हटलं आणि दुधी किसायला घेतला. किसताना माझ्या लक्षात आलं, की मी गाल फुगवून बसले आहे.

दुसऱ्या दिवशी आक्कांचा दुपारचा डोळा लागताच मी मागच्या दाराने शेडमध्ये हजर झाले. "मास्तर, कालचं तुमचं ट्रम्पेट बिघडलेलं होतं."

दत्तूने ते उचललं आणि त्यातून असा लखलखीत सूर काढला की पत्रा झणाणला. मी म्हटलं, "बरं. मग काय करायचं असतं ते तरी सांगा."

मास्तरांनी मला पत्र्याच्या खुर्चीवर बसवलं. "फुंकायचं न्हाईच मुळी. व्हट हलवायचं. ल्हानपणी गाडी-गाडी खेळताना कसं करायचा? फुर्रर्र... तसं."

एका संसारी बाईने परपुरुषांच्या समोर बसून तोंडाने फुर्रर्र करायचं! मी इकडेतिकडे पाहिलं. सगळे भले लोक आपापल्या वाद्यात तोंड घालून छताकडे बघत होते. मी डोळे मिटले आणि केलं. पहिल्या प्रयत्नात मला इतकं हसू आलं की ओठ जुळेनात. मग मास्तर हसले, दत्तू हसला, ड्रमवाला तर ड्रमवर पडून हसला. निघताना मास्तरांनी ट्रम्पेटच्या तोंडाशी बसतो तो पितळी तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. "ह्यो घरी न्या. नुसता ह्याच्यात आवाज काढा. ह्याच्यात निघाला की त्याच्यात निघतोय."

तो तुकडा मी कमरेला खोचला आणि त्या दिवसापासून माझं सगळं घरकाम फुरफुरत चालू झालं. भांडी घासताना फुर्रर्र, कपडे पिळताना फुर्रर्र. मनात माझा हेतू साफ होता. एक चाल काढायची आणि ह्या लोकांना ओढ्यापलीकडे धाडायचं. घरात मात्र कुणाला काही सांगितलं नाही. ज्यांना हाकलायला गेले त्यांच्याकडेच शिकायला जाते, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

पण तोंडानेच घात केला. एकदा मी देवघराजवळच्या आरशात बघून ओठांचा सराव करत होते. मास्तर म्हणाले होते, ओठांचा डावा कोपरा सैल पडतोय. म्हणून मी तो कोपरा ताणून, उजवा थरथरवत, एक डोळा बारीक करून बघत होते. मागे ताम्हन पडल्याचा आवाज झाला. आक्का दारात उभ्या होत्या.

"सरोज! अगं, तोंडावरून वारं गेलं की गं तुझ्या!"

"नाही हो आक्का..."

"बोलू नकोस! बोलू नकोस, आणखी वाकडं होईल!"

पुढच्या अर्ध्या तासात हे कचेरीतून धावत आले, अण्णा वैद्य आले, पाटणकरीण मिक्सरचं भांडण विसरून आली. वैद्यांनी मला हसायला लावलं, शीळ घालायला लावली, गाल फुगवायला लावले. गाल मी इतके सुरेख फुगवले की ते चकित झाले. "अगदी सुरुवातीला धरलंय," ते आक्कांना म्हणाले. "तिळाच्या तेलाचं मालिश, आणि रोज सकाळी तुपात तळलेला लसूण." मग काय, मी तोंडातून ब्र काढला नाही आणि लसूण खाल्ला. पुढे कित्येक दिवस आक्का स्वतःच्या हाताने माझ्या गालांना तेल चोळत होत्या. सांगायला हरकत नाही, त्या मालिशने ओठ भलतेच मऊ झाले. शेडमध्ये मात्र मी आले की माणसं हळूच दोन पावलं मागे सरकत. शेवटी दत्तूने विचारलंच, "वहिनी, आज पण लसणाची चटनी का?"

पहिला सूर आला तो एका दुपारी, ध्यानीमनी नसताना. मी नेहमीसारखं ट्रम्पेट ओठांना लावलं आणि एकाएकी ते माझ्या हातात जिवंत झालं. एक लांब, पिवळाधमक सूर निघाला आणि शेडच्या दारातून बाहेर गेला. घाण्याच्या भिंतीवरचा कावळा उडाला. दत्तूच्या हातातला चहा सांडला. मी दचकून ट्रम्पेट खाली घेतलं आणि विचारलं, "हे कोणी वाजवलं?"

"तुमी!" सगळे एका आवाजात ओरडले.

मी पदरात तोंड लपवलं. मग पदर बाजूला केला आणि पुन्हा वाजवलं. त्या दुपारी मी तो एकच सूर किती वेळा काढला असेल, देव जाणे. मास्तरांनी शेवटी हात जोडले. "आता दुसरा बी शिका वहिनी. ह्यो गुळगुळीत व्हईल."

दुसरा शिकले, तिसरा शिकले. मास्तरांनी स्वतः बसवलेली एक चाल होती, वरातीत घोडा चालवायची. सुरुवातीला संथ, मग दुडकी, आणि मध्येच एकदम एक उंच उडी, पाय उचलून फुगडीत शिरावं तशी. ती मला दिली. मी दुपारची वाट बघायला लागले. आक्कांची पोथी लांबली की माझा जीव वर-खाली व्हायचा. पाटणकरांचा मिक्सर लागला की मी त्याचा सूर ट्रम्पेटच्या कुठल्या बटणाला जुळतो ते मनात शोधायचे. एकदा देवळात गेले, तर गुरवाने मला बघून घंटेचा लोळा हाताने धरून ठेवला. मी म्हटलं, "वाजवा हो, चांगली आहे." तो लोळा धरून तसाच माझ्याकडे बघत राहिला.

शिवरात्रीच्या आसपास माझी चाल पुरी झाली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कुठेही न अडकता. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "झालं. जितला तुमी." मग माणसांकडे वळून, "चला रं. उद्या सामान हलवायचं."

ड्रमवाल्याने ड्रमला दोरी बांधायला घेतली. दत्तूने खिळ्याला टांगलेले लाल कोट उतरवले. मी हातात ट्रम्पेट घेऊन बघत राहिले.

"कुठे निघालात?"

"वड्यापल्याड. शब्द दिला हुता."

"पण..." मी म्हटलं, "माझा मधला भाग अजून कच्चा आहे."

"न्हाई वो. पक्का झालाय."

"ती वरची उडी. ती कच्ची आहे."

"झकास मारली की आत्ता."

"मास्तर, मी कच्ची आहे म्हणते ना!"

माझा आवाज जरा वरच चढला. दत्तू कोट हातात घेऊन थबकला. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मग ट्रम्पेटकडे पाहिलं, आणि अगदी गंभीर चेहऱ्याने ड्रमवाल्याला म्हणाले, "सोड रं दोरी. कच्चं काम टाकून कसं जायाचं?"

वैशाखात माझ्या नणंदेच्या मुलाचं, मंदारचं लग्न निघालं. वत्सलावन्सं गावातल्याच, बाजारपेठेत राहणाऱ्या. फार हौशी आणि फार मानी. त्यांना साताऱ्याहून बँड आणायचा होता, पण लग्नाची तिथी दाट होती, एकही बँड मोकळा नव्हता. शेवटी आमच्या मागच्या दारचाच 'नवजीवन' ठरला. "गावातला तर गावातला," वन्सं नाक मुरडून म्हणाल्या. मी मान खाली घालून शेवया मोडत होते.

लग्न गोरज मुहूर्तावर. मारुतीच्या देवळातून नवरदेव घोडीवर बसून निघायचा आणि एसटी स्टँडवरून कार्यालयात यायचा. मी मामी, म्हणजे मानाची. हिरवा शालू, अंबाड्यावर गजरा आणि नाकात आक्कांनी दिलेली टपोऱ्या मोत्यांची नथ. हे मामा म्हणून नव्या कोटात. मुग्धाची परीक्षा होती, तेवढी एक ती नव्हती.

देवळापासून वरात झोकात निघाली. दत्तू अंगात आल्यासारखा वाजवत होता. एसटी स्टँडजवळच्या चिंचेखाली आलो आणि एकदम ट्रम्पेट बंद पडलं. पाठोपाठ दत्तूची किंकाळी. चिंचेवरची गांधीलमाशी त्याच्या खालच्या ओठाला चावली होती. बघता बघता त्याचा ओठ बटाटेवड्याएवढा झाला.

"वाव... वावव..." दत्तू मास्तरांना काहीतरी सांगत होता.

"वाजवू नको. बस तू हितं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी क्लॅरोनेट तोंडाला लावलं. बाकीचे सुरू झाले. पण घोडी हलेना.

चांदणी नावाची ती पांढरी घोडी रस्त्याच्या अगदी मधोमध चारी पाय रोवून उभी राहिली. मंदारने वरून टाच मारली. घोडीवाल्याने पुढून लगाम ओढला. चांदणीने एक कान हलवला.

"हिला ट्रम्पेट लागतंय," घोडीवाला घाम पुसत म्हणाला. "पिलू हुती तवापास्नं त्याच्याच मागं चाललीय. त्याच्याबिगर ती पाऊल टाकत न्हाई."

"म्हणजे? घोडीच्या मर्जीवर आहे का मुहूर्त?" वन्संचा आवाज फाटला.

तेवढ्यात मागून कराडची एसटी आली आणि भोंगा वाजवू लागली. तिच्यामागे उसाचा ट्रॅक्टर. पुढून कार्यालयातला एक माणूस धावत आला, "गुरुजी म्हणतात, लवकर आणा. वेळ टळेल." मंदार म्हणाला, मी उतरून चालत येतो. वन्संनी त्याला वरच दाबून बसवला, "खबरदार उतरलास तर! व्याही दारात आरती घेऊन उभे आहेत. पायी येतो का नवरदेव?" मग हे, आयुष्यात कुणालाही न ढकललेले, कोट सावरत घोडीच्या मागे गेले आणि दोन्ही हातांनी ढकलायला लागले. चांदणीने शांतपणे शेपटी उचलली आणि मामांच्या नव्या बुटांवर आपला अभिप्राय दिला.

माणसं हसायला लागली. एसटीतून लोक डोकी बाहेर काढून बघू लागले. वन्संच्या डोळ्यांत पाणी तरारलं, तेव्हा मात्र मला हसू आवरावं लागलं.

मी मास्तरांकडे पाहिलं. त्याच वेळी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि झटकन नजर दुसरीकडे वळवली. त्यांना ठाऊक होतं, किन्हवळात ट्रम्पेट वाजवणारं दुसरं माणूस कोण आहे ते. एक हाक मारायची खोटी होती. पण ते चिंचेकडे बघत राहिले. मला अडचणीत टाकायचं नाही म्हणून तो भला माणूस स्वतःच्या बँडची अब्रू जाऊ देत होता. त्यांनी हाक मारली असती तर मी नक्की नाही म्हटलं असतं. ते बघेनात, म्हणून माझे पाय निघाले.

"दत्तू, आण ते."

दत्तूने डोळे विस्फारले. "वाववी?"

"आण म्हणते ना."

ट्रम्पेट हातात आलं. ओठांशी नेलं तर नथ आडवी. एका हाताने तिचा फासा सोडवला आणि शेजारी बघितलं, तर आक्काच उभ्या.

"आक्का, एवढी नथ धरा."

त्यांनी सवयीने तळहात पुढे केला. "का गं?"

उत्तर द्यायला माझ्यापाशी वेळ नव्हता. शालू खोचला, ओठ ओले केले आणि वाजवलं. पहिल्यांदा जो आवाज निघाला तो इथे सांगण्यासारखा नाही. एसटीतलं कुणीतरी खिंकाळलं. "वहिनी! अहो, हे काय?" वन्सं किंचाळल्या. मी डोळे मिटले आणि ओठांचा डावा कोपरा घट्ट केला.

मग सूर आला. तोच, लांब आणि पिवळाधमक. चांदणीचे दोन्ही कान ताठ उभे राहिले. तिने मान वळवून माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, वाजवणारं माणूस बदललेलं दिसतंय असं. मी मास्तरांची चाल धरली. संथ भाग. चांदणीने उजवा पाय उचलला. मागून साईड ड्रम अलगद सामील झाला, मग खुळखुळा, आणि मास्तरांचं क्लॅरोनेट माझ्या सुराच्या बगलेत येऊन चालायला लागलं. दुडका भाग आला तशी घोडी दुडकायला लागली. वर मंदारचा फेटा हलायला लागला. आणि ती उडी आली. मी उडाले! सूर वर जाऊन टेकला, आणि अख्ख्या रस्त्यावर एकच आरोळी उठली.

मला येत होती ती एवढी एकच चाल. ती संपली की मी पहिल्यापासून सुरू करायची. कुणाला त्याचं काही नव्हतं. मंदारचे मित्र नाचत होते, पाटणकरीण नाचत होती, मांडवातले वाढपी पातेली टाकून बाहेर येऊन नाचत होते. कराडची एसटी वरातीच्या मागून घोडीच्या चालीने येत होती, आणि तिचा कंडक्टर दारात लोंबकळून घंटीची दोरी तालावर ओढत होता, टिंग टिंग, टिंग टिंग. अण्णा वैद्य दिसले. ते वाकून, चष्मा वर करून माझ्या तोंडाकडे बघत होते आणि बघता बघता त्यांचा चेहरा उजळत गेला. मी हसायला लागले आणि सूर घसरला. तो पकडून पुन्हा चढले. घामाने गजरा गळून पडला. आपण कुणाची सून, कुणाची मामी, कोणाच्या वरातीत आहोत, मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

मुहूर्त गाठला. कार्यालयाच्या दारात मी ट्रम्पेट खाली घेतलं आणि खोचलेला शालू सोडला. वन्सं समोर आल्या. "लोक काय म्हणतील, वहिनी? खटावकरांची सून बँडात!"

मी आक्कांकडे पाहिलं. त्यांनी मूठ उघडली. मोती त्यांच्या तळव्यात घामाने चिकटले होते.

"लोकांनी काय म्हणायचं ते नाचून सांगितलंय," आक्का लेकीला म्हणाल्या. "ओवाळ आधी पोराला." मग माझ्या नाकात नथ घालता घालता, अगदी कानाशी येऊन, "म्हणजे ते तोंडावरून वारं गेलं नव्हतंच?"

"नाही."

"मग तो एवढा लसूण?"

"खाल्ला मी."

आक्कांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. मंगलाष्टकं सुरू झाली तरी त्यांचे खांदे गदगदत होते. शेजारच्या बायकांना वाटलं, नातवाच्या लग्नात म्हातारीला भरून आलं.

घरी परतताना हे बूट हातात धरून अनवाणी चालत होते. मी मनात शंभर उत्तरं तयार करत होते. दत्ताच्या देवळापाशी आल्यावर म्हणाले, "ती मधली उडी आहे ना, तिच्या आधी श्वास घेत जा. तिथे कमी पडतो तुला."

मी जागीच उभी राहिले. "तुम्हाला काय माहीत?"

"कचेरीच्या मागच्या खिडकीतून ऐकू येतं. पौष महिन्यापासून ऐकतोय."

"आणि बोलला नाहीत?"

"तुझं चाललं होतं छान. उगाच मध्ये कशाला..." ते चालायला लागले. मग थांबून म्हणाले, "आमच्या हेडक्लार्कला वाटायचं, दत्तूच वाजवतो. मी त्याला सांगून टाकलं होतं, की ती आमची आहे."

पुढच्या रविवारी मी आमटी गरम करून पानं वाढायला घेतली, तोच मुग्धाचा फोन आला. ती पुण्याला गेल्यापासून तो दर रविवारी येत असे. त्यात ती विचारायची, "जेवलात का?" मी विचारायची, "तू जेवलीस का? खोकला गेला का?" मग दोन्हीकडे नुसती खरखर. ती होती तेव्हा घर दिवसभर वाजत असायचं, तिच्या चपलांनी, तिच्या गाण्यांनी, दारं आपटून. ती गेल्यावर जो कुठला आवाज यायचा तो तिचा नसायचा, म्हणून नकोसा व्हायचा. एवढं साधं होतं. पण हे त्या वर्षभरात मला कुणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

"आई!" मुग्धा ओरडलीच. "आत्याचा फोन आला होता. ती काय काय सांगते आहे? घोडी काय, नथ काय... खरं आहे का हे?"

"आधी सांग, जेवलीस का?"

"ते जाऊ दे गं! पहिल्यापासून सांग."

मी पहिल्यापासून सांगितलं. फुर्रर्र सांगितलं, लसूण सांगितला. ती हसून हसून "मग? मग?" करत होती, लहानपणी गोष्ट ऐकताना करायची तशी. मध्येच म्हणाली, "थांब, थांब, मैत्रिणींना बोलावते," आणि तिकडे जिन्यावर धडधड पावलं वाजली. "आई, आता वाजव."

"फोनवर?"

"वाजव ना!"

दत्तूचा ओठ बरा होईपर्यंत ट्रम्पेट माझ्याकडेच होतं. आक्कांनी एका हाताने आपला कान झाकला आणि दुसऱ्या हाताने फोन लांबवर, हंडी धरावी तसा माझ्यापुढे धरला. मी वाजवलं. उडीच्या आधी श्वास घेतला आणि वर गेले. संपलं तेव्हा फोनमधून एवढा गिल्ला आला की आक्कांना तो आणखी लांब धरावा लागला. पंधरा-वीस मुली एकदम ओरडत होत्या, टाळ्या पिटत होत्या, हसत होत्या. त्यातला मुग्धाचा आवाज कुठला, हे मला काही केल्या ओळखता येईना.

मी तशीच ऐकत उभी राहिले, आणि मला खूप बरं वाटत होतं.

"अजून एकदा म्हणतायत गं त्या," आक्का फोनला कान लावून म्हणाल्या. "वाजव. आमटी काय, परत गरम करता येईल."